भातगिरणीची पन्हळ

पनवेलला उरण नाक्याजवळ तुळशीरामशेठची भातगिरणी होती. तिच्या दोन शेडांच्या मधोमध एक लांबलचक पत्र्याची पन्हळ होती. दोन्ही छपरांचं पाणी त्या एकाच पन्हळीत उतरायचं आणि मागच्या अंगाला बिडाच्या पाइपातून खाली नाल्यात जायचं. गिरणी बांधताना जागा वाचवायची म्हणून शेठनी दोन छपरं अशी एकमेकांकडे उतरती घेतली, आणि त्या वर्षापासून पावसाळ्याचे चार महिने ती पन्हळ कमळाकर दिवाणजींच्या डोक्यावर बसली ती बसलीच.

गिरणी चालू असली की तूस उडायचं, कोंडा उडायचा आणि सगळं जाऊन पन्हळीत साठायचं. शेजारच्या शिरीषाची पानं त्यात पडायची. पावसाने त्याचा लगदा व्हायचा, आणि लगद्यातले भाताचे दाणे रुजून जून सरता सरता पन्हळीत हिरवीगार रोपं उभी राहायची. रस्त्याने जाणारे वर बघून विचारायचे, दिवाणजी, यंदा लावणी कधी? पूर्वी कमळाकरांनाही हसू यायचं. अलीकडे येत नसे. आता साठी जवळ आली होती, गुडघे बोलत होते, आणि पाऊस जोरात आला की घरी बसल्या जागी त्यांना पन्हळ भरताना दिसायची.

ही गोष्ट त्र्याण्णव सालच्या पावसाळ्यातली. तोवर गिरणी बंद पडून वर्ष होऊन गेलं होतं. ज्या खाचरांतून गोणी यायच्या तिथे मुरुमाचे डंपर जात होते. रोडपाली, कळंबोलीकडच्या जमिनी केव्हाच नव्या शहरासाठी गेल्या होत्या. भराव पडेपर्यंत लोक पेरत होते, तेही आता थांबलं होतं. तुळशीरामशेठ साखरेच्या दुखण्याने घरात बसले होते आणि त्यांचा मुलगा निकेश बांधकामाच्या धंद्यात उतरला होता. गिरणीच्या मागच्याच तुकड्यावर त्याची चार मजली बिल्डिंग चढत होती. ती झाली की गिरणीचा नंबर, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हातारा हयात आहे तोवर कोणी मोठ्याने बोलत नव्हतं एवढंच.

गिरणीत मग उरलं काय होतं? थांबलेली यंत्रं, कमळाकरांचं टेबल, आणि पूर्वेच्या शेडमध्ये भाताच्या गोणींची एक थप्पी. ते भात शेठच्या स्वतःच्या खाचरातलं, भराव पडण्याआधीच्या शेवटच्या पिकाचं. निकेशने ते विकून टाकू म्हटलं तर म्हाताऱ्याने ऐकलं नाही. घरच्या जेवणापुरतं थोडं थोडं काढून दुसऱ्या गिरणीतून भरडून आणायचं आणि बाकीचं तसंच राहू द्यायचं, असं चाललं होतं.

पश्चिमेच्या शेडमध्ये पूर्वी तूस साठवायचे. तिथे पावसाळ्यात शुक्रा आणि त्याची बायको ठकी राहायची. कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाडीवरची माणसं. हिवाळा-उन्हाळा वीटभट्टीवर जायचा; पावसाळ्यात भट्ट्या बंद, तेव्हा शेठनी कितीतरी वर्षांपूर्वी त्यांना ही जागा दिली होती. बदल्यात गिरणीवर नजर ठेवायची आणि पन्हळ साफ करायची. मुली वाडीवर आजीजवळ असायच्या.

त्या साली घोळ झाला तो खाली. निकेशच्या साइटवरच्या लोकांनी विटांचे तुकडे, सिमेंटचा कचरा, फुटक्या फरश्या असं सगळं गिरणीच्या मागच्या भिंतीला लागून ओतलं. पन्हळीचा पाइप ज्या नाल्यात सुटायचा त्याचं तोंडच त्याखाली गाडलं गेलं. कमळाकरांनी निकेशला सांगितलं. तो म्हणाला, करतो काका. पुन्हा सांगितलं, तेव्हाही तो करतो म्हणाला. त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. त्याला ते खरोखरच महत्त्वाचं वाटत नव्हतं. जी इमारत आपण पाडणारच आहोत तिची पन्हळ तुंबली काय नि वाहिली काय.

मग कमळाकर आणि शुक्रा पाऊस आला की वर चढून डब्याने पाणी उपसू लागले. उपसायचं, दर्शनी भिंतीवरून रस्त्याकडे ओतायचं, सर थांबली की खाली उतरायचं, पुन्हा आली की पुन्हा चढायचं. जुलै असाच गेला. एके दिवशी कमळाकरांचा गुडघा फारच धरला होता म्हणून त्यांनी शुक्राला एकट्याला वर पाठवलं. गंजलेल्या पत्र्यातून त्याचा पाय गेला, तोल सुटला आणि तो मागच्या नाल्याच्या दगडी काठावर पडला. नडगीचं हाड मोडलं. सरकारी दवाखान्यात प्लास्टर घातलं, मांडीपासून पावलापर्यंत. डॉक्टरांनी दोनदा बजावून सांगितलं, हे भिजू देऊ नका. भिजलं तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल, आणि आत चिघळलं तर पायाचं काही सांगता येणार नाही.

शुक्राने कमळाकरांना एका शब्दाने दोष दिला नाही. ते त्यांना जास्त जड गेलं.

आणि आठवड्याभरातच तो पाऊस आला.

पहाटेपासून एकसारखा कोसळत होता. अमावास्या जवळ आलेली, म्हणजे भरती मोठी. गाढी नदीला भरती आडवी आली की पनवेलचं पाणी जागचं हलत नाही, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक. कमळाकर छत्री शोधू लागले तेव्हा त्यांची बायको शशिकला चुलीपाशीच थांबून बघत राहिली. बंद गिरणी सांभाळायला तुम्ही एवढे का झिजता, असं तिने आधी अनेकदा विचारून झालं होतं. त्या दिवशी तिने विचारलं नाही. पोळ्या आणि सुकी बटाट्याची भाजी फडक्यात बांधून दिली, तिघांना पुरेल एवढी, आणि म्हणाली की शुक्राकडे बघून लगेच या.

गिरणीच्या अंगणात गुडघाभर पाणी होतं. पश्चिमेच्या शेडचं जोतं उंच, त्यामुळे खालून पाणी आत शिरलं नव्हतं. पण वरून येत होतं. पन्हळ काठोकाठ भरून भिंतीवरून पाण्याची चादरच्या चादर आत उतरत होती. ठकीने खाट ओढून त्यातल्या त्यात कोरड्या कोपऱ्यात नेली होती. शुक्राच्या पायाला युरियाच्या पिशव्या फाडून गुंडाळल्या होत्या, वरून सुतळी बांधली होती. तरी शिंतोडे उडत होते, आणि कोपऱ्यातही कुडाच्या वरून एक धार नुकतीच सुरू झाली होती.

"दिवाणजी, आज तुमी नाय यायचं," शुक्रा म्हणाला. त्याच्या अंगात थोडा ताप होता.

कमळाकरांनी त्याच्या कपाळाला हात लावला आणि खाट उचलून दुसरीकडे नेता येईल का ते बघू लागले. ऑफिसची खोली अंगणापलीकडे. मधे गुडघाभर पाणी, त्याला ओढ, खाली गोटे. धडधाकट दोन गडी असते तर नेली असती. ते आणि ठकी मिळून शुक्राला खाटेसकट त्या पाण्यातून नेणं जमणारं नव्हतं. अर्ध्यात हातातून सुटली असती तर तो प्लास्टरसकट पाण्यातच. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दुकानांची दारं लागलेली. त्यांनी ऑफिसात जाऊन शेठच्या घरी फोन लावून पाहिला. फोन बंद पडलेला होता.

मग ते पहार घेऊन मागे गेले. निकेशची साइट ओस पडली होती, पावसामुळे काम बंद. कचऱ्याच्या ढिगाभोवती कमरेपर्यंत पाणी साचलं होतं. पाइप जिथे असायला हवा तिथे त्यांनी पहार घालून पाहिली. प्रत्येक वेळी ती विटेवर आपटली. चार-सहा तुकडे बाजूला केले की वरचे घसरून त्यांच्या जागी येत. हे एका माणसाचं काम नव्हतं, आणि आजचं तर नव्हतंच. पाण्यात उभं राहून त्यांना एवढा थकवा आला की क्षणभर त्यांनी पहारीवरच भार टाकला आणि डोळे मिटले.

परत आले तेव्हा ठकीने शिडी लावून ठेवली होती.

"मी चढतं वर," ती म्हणाली. "तुमी खाली रावा."

कमळाकर तिच्यामागून चढले. एकदा माणसाला एकटं वर पाठवून झालं होतं.

वर वारा होता. पाऊस तोंडावर मारत होता. पन्हळीच्या काठाला धरून दोघं बसली आणि तेलाच्या डब्यांनी उपसू लागली. ठकीचा हात वीटभट्टीवरच्या कामाला सरावलेला, तिचे दोन डबे होत तेव्हा कमळाकरांचा एक व्हायचा. भरायचा, वळायचं, दर्शनी भिंतीवरून ओतायचा. सुरुवातीला दोघं थोडं बोलली, मग बोलणं बंद पडलं. बऱ्याच वेळाने कमळाकरांनी पाण्याकडे नीट पाहिलं. पातळी बोटभरही उतरली नव्हती. छपरांवरून जेवढं येत होतं त्याच्यापुढे त्यांचे डबे म्हणजे काहीच नव्हते.

आणि तेव्हाच त्यांना दिसलं की पाणी एकाच अंगाने जातंय. पन्हळीखालची लाकडी फळी पश्चिमेकडून कुजली होती, त्यामुळे पन्हळ त्या बाजूला कलली होती. पूर्वेचा काठ वर, पश्चिमेचा खाली. सांडेल ते सगळं शुक्राच्या अंगावर. पूर्वेच्या शेडमध्ये, शेठच्या भातावर, थेंब पडत नव्हता.

त्यांनी डबा खाली ठेवला.

पूर्वेचा काठ कापून खाली वाकवला तर पाणी तिकडून जाईल. अवघड काहीच नव्हतं. छिन्नी-हातोडी ऑफिसात होती. पण त्या काठाखाली थप्पी होती. त्या गोणी भरल्या तेव्हा कमळाकर स्वतः खाचराच्या बांधावर उभे होते. शेठ अनवाणी, धोतर खोचून, प्रत्येक गोणीचं तोंड शिवताना पाहत होते. पुढच्या साली तिथे मुरूम पडला. गिरणीत रुजू झाल्यापासून कमळाकरांनी त्या शेडमध्ये पाणी जाऊ दिलं नव्हतं. किंबहुना गिरणीत त्यांचं खरं काम तेच होतं असं कधीकधी त्यांना वाटायचं. भात कोरडं राहिलं पाहिजे. बाकीचं कोणीही केलं असतं.

ठकी त्यांच्याकडे बघत होती. तिनेही पन्हळीचा कल पाहिला होता. पण ती पुन्हा डबा भरू लागली. खालून शुक्राने तिला हाक मारली. आवाज शांत होता, पण सहन होत होतं तोवर त्याने हाक मारली नसती.

"ठके, छिन्नी आण," कमळाकर म्हणाले. "टेबलाच्या खालच्या खणात आहे. हातोडीही आण."

ती जागची हलली नाही. "तिकडं शेठचं भात हाय."

"मला माहीत आहे."

"शेठ तुमाला काय बोलंल..."

"ते मी बघेन. तू आण."

पत्रा जुना, जाड होता. कमळाकरांनी दोन ठिकाणी काठाला छेद दिला. हातोडी ओली होऊन निसटत होती, एकदा अंगठ्यावर बसली. मग दोघांनी मिळून मधला तुकडा पूर्वेकडे खाली वाकवला. पाणी एक क्षण थबकल्यासारखं झालं आणि मग सगळं तिकडे वळलं. खाली शेडमध्ये ते गोणींवर कोसळल्याचा आवाज वर आला. सुरुवातीला कोरड्या तागावर पडल्याचा फटफट आवाज होता; थोड्याच वेळात तो बसका झाला. कमळाकरांना दोन्ही आवाजांचा अर्थ कळत होता.

पश्चिमेची चादर पातळ झाली, मग तिच्या धारा झाल्या, मग नुसती टिपटिप.

खाली उतरून ती दोघं पूर्वेच्या शेडमध्ये धावली. जमतील तेवढ्या गोणी ओढून यंत्राच्या ओट्यावर चढवायच्या, असं ठरवलं होतं. पण भिजलेली गोणी म्हणजे मेलेलं जनावर. काही ओढल्या, बऱ्याच नाही. शेवटी कमळाकर तिथेच ओट्यावर बसले. ठकीने आणखी एक ओढली, तिचाही दम संपला, आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली. भाताचा ओला, गोडसर वास शेडभर पसरला होता.

दुपार टळून गेल्यावर तिघांनी शुक्राच्या खाटेपाशी शशिकलाबाईंच्या पोळ्या खाल्ल्या. ठकीने तुसाच्या शेगडीवर चहा केला. शुक्राच्या पायावरच्या पिशव्या सोडून पाहिल्या; प्लास्टरची कड ओलसर झाली होती, आतलं कोरडं होतं. काय झालं ते ठकीने नवऱ्याला सांगितलं असावं, कारण तो कमळाकरांच्या नजरेला नजर देत नव्हता. कमळाकर निघाले तेव्हा तो एवढंच म्हणाला की दिवाणजी, अंगठ्याला हळद लावा.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला. कमळाकर रिक्षाने रोडपालीला शेठच्या घरी निघाले. वाटभर त्यांनी मनात जुळवलं होतं की पन्हळ फुटली असं सांगायचं. जुनी होती, गंजली होती, कालचा पाऊस तसा होता. कोणालाही पटलं असतं. ठकी-शुक्रा बोलणारी माणसं नव्हती. कळंबोलीच्या वळणापर्यंत सगळं नीट जुळलं होतं.

तुळशीरामशेठ गॅलरीत खुर्चीवर पाय लांब करून बसले होते. पाय सुजलेले. समोर, पूर्वी जिथे त्यांचं खाचर होतं, तिथे मुरुमाच्या मैदानात पाणी साचून डबकी झाली होती. त्यांनी कमळाकरांना बसायला सांगितलं आणि पाऊस किती झाला ते विचारलं.

"शेठ, भात भिजलं," कमळाकर म्हणाले.

म्हाताऱ्याने मान वळवली. "सगला?"

"वरचे थर तरी सगळे. खालीही पाणी गेलंच असणार."

"पन्हल फुटली?"

कमळाकरांनी तोंड उघडलं. फुटली हा शब्द जिभेवर होता.

"नाही. मी कापली. पाणी शुक्राच्या अंगावर चाललं होतं, त्याच्या पायाला प्लास्टर आहे. त्याला हलवता येईना. म्हणून पूर्वेचा काठ कापला."

शेठनी नजर पुन्हा मैदानाकडे वळवली. आतून सुनेने चहा आणून ठेवला, तो तसाच राहिला. कमळाकर आपल्या अंगठ्याकडे बघत बसले. नख काळं पडलं होतं.

"फुटली म्हनला असतास तरी चालला असता," शेठ शेवटी म्हणाले. "मी काय चढून बगनार होतो?"

"तसंच सांगायचं ठरवलं होतं. पण मग ते कायम लक्षात ठेवावं लागलं असतं. तेवढी ताकद आता उरली नाही, शेठ."

शेठनी नाकाने श्वास सोडला. राग होता का, ते कमळाकरांना कळलं नाही. "मना विचारला असतास तर मी नाय बोललो असतो," ते म्हणाले. "माज्या बापाच्या खाचराचा भात होता तो. मी बोललो असतो, शुक्राला न्या कुटंतरी, पन भाताला पानी लावू नका."

"फोन बंद होता."

"आसूदे. बरा होता बंद." आणि थोड्या वेळाने, आधार घेत उठत त्यांनी सुनेला हाक मारली, चपला मागितल्या. घरातल्यांनी नको नको म्हटलं, पण ते कमळाकरांबरोबर रिक्षात बसले. वाटेत शेठ सगळा वेळ बाहेर बघत होते.

पूर्वेच्या शेडमध्ये शेठनी एका गोणीची शिवण उसवायला लावली आणि आत कोपरापर्यंत हात घातला. ओलं भात आतून तापलं होतं. त्यांनी मूठभर बाहेर काढलं, हातावर पसरलं, बोटाने उलटंपालटं केलं. दाणे फुगले होते. उद्या-परवा मोड येणार. त्यांनी ते परत गोणीत टाकलं नाही, हातातच धरून ठेवलं, आणि निकेशला बोलवायला माणूस पाठवला.

निकेश साइटवरून लगेच आला. सगळं ऐकून त्याने कमळाकरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "जाऊ द्या काका, टेन्शन घेऊ नका. एका अर्थी बरंच झालं. आता शेड रिकामी करता येईल." तो मनापासून दिलासा देत होता. कमळाकरांना वाटलं, हा ओरडला असता तर सोसवलं असतं. आयुष्यभर जे कोरडं राखलं आणि काल स्वतःच्या हाताने भिजवलं, त्याची या पोराला दोन्ही बाजूंनी काहीच किंमत नव्हती.

शेठ मुलाकडे बघत होते. "तुजी मानसं बोलव," ते म्हणाले. "मागचा पाइप मोकला कर."

"बाबा, पुढच्या वर्षी हे सगळं पाडायचंच आहे. कशाला..."

"पाडशील तवा पाड. आज पानी जाऊ दे. खाली मानूस झोपतो."

निकेशने वाद घातला नाही. साइटवरची माणसं आली, टोपल्या आणि फावडी आली, आणि महिनाभर जे झालं नव्हतं ते दुपारच्या जेवणाआधी झालं. पाइपाचं तोंड उघडं पडलं तेव्हा आतून गाळाचा एक गोळा निघाला, मग काळं पाणी, मग पन्हळीत साचलेलं सगळं एकदम घरघरत खाली आलं. काम करणारे मागे सरले. एकजण हसला. कमळाकर भिंतीला टेकून बघत होते. हे बघून आपल्याला आनंद होईल अशी त्यांची कल्पना होती. त्यांना फक्त गुडघे दुखत असल्याचं जाणवत होतं, आणि आता घरी गेलं तरी चालेल एवढं कळत होतं.

भाताचं मग असं झालं की अगदी तळातल्या थोड्या गोणी बऱ्यापैकी निघाल्या. त्या निकेशच्या अर्धवट बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर, खिडक्या नसलेल्या खोल्यांतून पसरून वाळवल्या. ठकी रोज जाऊन पायाने वर-खाली करायची. बाकीच्याला मोड आले. काही वाडीवरच्या कोंबड्यांनी खाल्लं, काही उकिरड्यावर गेलं. वाळवलेल्या भाताच्या तांदळाला कुबट वास यायचा. शेठची सून नाक मुरडायची आणि बाकीच्यांपुरता दुकानातला तांदूळ शिजवायची. म्हातारा मात्र वर्षभर तोच खात होता, असं पुढे कमळाकरांच्या कानावर आलं.

शुक्राचं प्लास्टर गणपतीच्या आधी निघालं. हाड जुळलं, चालताना किंचित लचकायचा. दिवाळीनंतर दोघं नेहमीसारखी भट्टीवर गेली. भट्टीवाल्याने त्याला विटा वाहायला न लावता रचायला बसवलं, म्हणून ठकी खूश होती.

पन्हळीचा कापलेला काठ कोणी सांधला नाही. गोणी नव्हत्याच, त्यामुळे गरजही नव्हती. उरलेला पावसाळा कमळाकर गिरणीत येत राहिले, कारण येऊ नका असं कोणी म्हटलं नव्हतं. ऑफिसात बसायचे, पाऊस आला तर ऐकायचे, शुक्राशी चार शब्द बोलायचे. निकेशने त्यांना आपल्या नव्या ऑफिसात खुर्ची देऊ केली; काम फारसं नाही, काका, आल्यागेल्याशी बोलायचं. कमळाकर विचार करून सांगतो म्हणाले आणि त्यावर विचार केला नाही.

दसरा झाल्यावर एका सकाळी ते चाव्यांचा जुडगा घेऊन रोडपालीला गेले. शेठनी जुडगा हातात घेतला, वजन केल्यासारखा धरला, आणि खुर्चीजवळच्या खिडकीत ठेवला. समोरच्या मैदानात मुरूम वाळून उडायला लागला होता. कुठेतरी पाया खणण्याचं काम चाललं होतं.

"दमलास?" शेठनी विचारलं.

"हो."

"मी पन," शेठ म्हणाले, आणि आत बघून चहा सांगितला.

दोघं बसून राहिले. बोलण्यासारखं जे होतं ते पावसाळ्यात बोलून झालं होतं. चहा आला, या वेळी दोघांनीही प्यायला. ऊन गॅलरीत शिरू लागलं तसं शेठनी पाय आत ओढून घेतले. मग कमळाकर उठले, सावकाश जिना उतरले आणि पनवेलच्या एस.टी.साठी नाक्यावर जाऊन उभे राहिले.